पान्याचा सव्वा फेरा

अण्णा, तो नट मी आवळलेला नव्हता.

हे मी नऊ वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरांना नाही. देवळात गेलो तरी घंटा वाजवून, हात जोडून तसाच मागं फिरायचो, तिथंही ओठ उघडले नाहीत. आज कागदावर उतरवलं तर पाच शब्द भरले. एवढ्याशा शब्दांना मी नऊ वर्षं वचकून होतो याचं हसू येतंय, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटतंय.

डॉक्टर म्हणाले, "श्रीपतराव, दवाखान्याच्या वार्षिक अंकात दगडूअण्णांवर तुम्हीच लिहा. तुमच्याइतका त्यांच्याजवळ कोण होता?" जन्म कुठला, कारखान्यात कधी लागलात, ते सगळं डॉक्टर स्वतः लिहिणार आहेत. माझ्याकडे आठवणी मागितल्या. मी सातवी पास माणूस. लिहायला बसलो की तीच एक आठवण पुढं येऊन उभी राहते आणि बाकीच्यांना वाट देत नाही. नळीत कचरा अडकला तर आधी फुंकून मोकळी करावी, मग जोडावी, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून आधी हे.

बंगला आठवतो ना? तुम्हाला काय सांगायचं, पण वाचणाऱ्यांतल्या नव्या लोकांना ठाऊक नसेल. कुणी परदेशी इंजिनियर होता, तो चाकावरच्या घरात राहायचा. जीपच्या मागं जोडायचं आणि निघायचं. तो मायदेशी गेला तेव्हा डॉक्टरांनी ते घर फिरत्या दवाखान्यासाठी घेतलं. आठवड्यातून दोनदा पौडहून निघून ताम्हिणीपर्यंतच्या वाड्या करायच्या. गावोगावची माणसं त्याला 'बंगला' म्हणायला लागली. त्यात गॅसची एक शेगडी होती, सुया उकळायला सोयीची. तेव्हा गॅस म्हणजे नवलाई. आपल्या पत्र्याच्या कारखान्यात पंप यायचे, तेलाची इंजिनं यायची, बैलगाडीचे आख यायचे, पण गॅसची नळी कुणी हातात धरलेली नव्हती. तुम्ही लष्कराच्या वर्कशॉपात राहून आलेले, म्हणून काम आपल्याकडं आलं.

डॉक्टरांना बंगल्यात गॅसवर चालणारा फ्रिज हवा होता. सापाची लस गार ठेवायची होती. भातखाचरात पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, माणूस पुण्याला पोचायच्या आत वाटेतच जायचा, हे आपण दोघांनीही पाहिलं होतं. शिवाय बंगल्याच्या पोटाखाली पाण्याची टाकी टांगायची होती आणि ती जिथं टांगायची नेमकी तिथूनच जुनी नळी गेलेली. म्हणजे सगळी नळी सोडवून चासीवरून, खालच्या पोकळ लोखंडी सांगाड्यावरून, नव्या वाटेनं न्यायची.

आणि तिथं आपलं वाजलं.

"शिरपा, नळी चासीच्या भायेरनं जाऊ दे. डोळ्याला दिसली पायजे."

"घाटात दगडं उडत्यात अण्णा, चेचून जाईल. चॅनलच्या आतनं नेऊ, झाकली राहील."

"झाकलेलं कुणी बगत न्हाई. आमची सासू दही झाकून ठिवायची. किडं पडल्यावं कळायचं."

सगळा कारखाना हसला. मी नाही हसलो. अडतिशीचा बाप्या माणूस मी, आणि माझ्या कामाची तुलना तुमच्या सासूच्या दह्याशी. त्यात डॉक्टर आले, दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आतून नेलेली बरी दिसेल." मी जिंकलो. तुम्ही तपकिरीची चिमूट नाकात सारलीत आणि म्हणालात, "बरं, कर. पर तूच कर. म्या हात लावत न्हाई." तेव्हापासून त्या नळीचा इंच न् इंच मला बरोबर ठरवून दाखवायचा होता. हे मी आज समजून सांगतोय. तेव्हा मला वाटायचं, मी फक्त काम चोख करतोय.

काम झालंही चोख. तांब्याची नळी पुढच्या सिलिंडरपासून चॅनलच्या पोटातून मागं आणली. वीतभर अंतरावर पट्टी ठोकली. लोखंडाच्या भोकातून जिथं जिथं नळी गेली तिथं रबराची कडी बसवली. फरशीतून वर फ्रिजच्या कपाटात आणून पितळी कॉक लावला. राहिला होता तो कॉकच्या पुढचा, फ्रिजला जोडणारा शेवटचा नट. तो बोटांनी फिरवून ठेवला. कपाटाच्या कोपऱ्यात मोठा पाना फिरेना, म्हणून लहान पाना घ्यायला बाहेर आलो.

तो दिवस खंडेनवमीचा. बाहेर पोत्यावर हत्यारं मांडून झाली होती. घासून, पुसून, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं. माझा लहान पाना हळदकुंकू लावून झेंडूच्या फुलाखाली निजला होता. तुमचा नेम सगळ्यांना पाठ. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं हत्यार उचलेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. साक्षात कलेक्टरची मोटार बंद पडली तरी नाही.

"आरं, शेवटचा तुज्याच हातात ऱ्हायला. आन हिकडं," म्हणत तुम्ही माझ्या हातातला मोठा पानाही घेतलात, धोतराच्या सोग्यानं पुसलात, कुंकवाचं बोट ओढलंत. मग मान वर न करता विचारलंत, "झालं न्हवं? फेस लावून बगितला?"

दाढीच्या ब्रशानं सगळ्या सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा, गॅस सोडायचा, कुठं बुडबुडा फुगतो का बघायचं, ही तुमची शिकवण. "एक नट राहिलाय" एवढं म्हणायचं होतं. तुम्ही शिव्या घातल्या असत्या, दह्याचा विषय पुन्हा निघाला असता, सगळे हसले असते. मग उद्या हत्यार उचलल्यावर काम पुरं झालं असतं. इतकं सोपं होतं. ओळीनं बसलेली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती.

"लावला," मी म्हणालो.

आणि मनात म्हणालो, उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन आवळू.

दुसऱ्या दिवशी मी निघालोही लवकर. नदी ओलांडून, वाटेत आपट्याची पानं खिशात भरून. पण डॉक्टर माझ्याही आधी पोचले होते. पुण्याहून बर्फात घालून लस आणली होती आणि बर्फ वितळत चालला होता. तुम्ही सिलिंडर उघडलात, कपाटातला कॉक उघडलात. मग डॉक्टर म्हणाले, आधी नारळ फोडू. नारळ फुटला, जीपला हार पडला, पेढा वाटला. तेवढा वेळ गॅस माझ्या नटातून गळत खाली फरशीवर साचत होता. आतून बंगल्याला नवा रंग दिलेला, त्याचा वास, वर फिनेलचा वास, आणि तुमचं नाक तपकिरीनं केव्हाच बाद केलेलं. डॉक्टर लशीची पेटी घेऊन आत मागच्या बाजूला बसले. तुम्ही फ्रिजपुढं गुडघे टेकलेत. काड्या दमट होत्या. दोन मोडल्या. तिसरी पेटली.

हे सगळं मला मागाहून कळलं; तेव्हा मी अजून रस्त्यावरच होतो. आवाज मोठा नव्हता. 'भप्प' असा, ओलं पोतं आपटल्यासारखा.

धावत आलो तोवर तुम्ही दारात होता. बाहेर पडायला तुम्हाला एक पाऊल पुरलं असतं. पण जाळ कपाटातून येत होता, डॉक्टर त्याच्या पलीकडं अडकले होते, आणि त्यांना दुसरं दार नव्हतं. तुम्ही वळलात. उजवा हात जाळात घातलात आणि तो पितळी कॉक फिरवून बंद केलात. जाळ विझला. डॉक्टर पेटी छातीशी धरून खोकत बाहेर आले. तुमच्या भुवया गेल्या होत्या आणि हाताकडं मला बघवत नव्हतं. खिशातली पानं कुठं पडली कळलं नाही. त्या वर्षी तुम्हाला सोनं द्यायचं राहिलं.

तुम्हाला खाटेवर घातलं तेव्हा डॉक्टरांनी माझ्यासमोरच विचारलं, "फेस लावून तपासलं होतं ना?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात. तेवढ्या वेदनेत.

"माज्याम्होरं लावला त्यानं. नळी चोख हाय. मीच बटण आदी फिरवलं, काडी मागनं वढली. काड्या मोडल्या, तवर गॅस साटला. चूक माजी."

तुमच्यासमोर? अण्णा, तुम्ही पाहिलं नव्हतं. मी 'लावला' म्हणालो, तुम्हाला तेवढं पाहिल्यासारखं होतं. माझ्या एका शब्दावर तुम्ही आपला शब्द ठेवलात आणि तो सगळ्यांनी मान्य केला, कारण तुमचा होता.

तुम्हाला जीपमधून पुण्याला नेलं. कारखाना रिकामा झाला. पूजेतला लहान पाना मी उचलला, कपाटात शिरलो, काळ्या पडलेल्या फळीमागं हात घातला आणि तो नट आवळला. सव्वा फेरा. बरोबर सव्वा फेरा बसला, मग घट्ट झाला. तळव्याला पान्यावरचं कुंकू लागलं होतं. ते चिंधीनं पुसलं आणि चिंधी भट्टीत टाकली. दोन दिवसांनी गॅस विकणाऱ्यांचा माणूस तपासायला आला, त्यानं सगळीकडं फेस लावला, एक बुडबुडा आला नाही. "काम उत्तम आहे," तो म्हणाला. "पेटवणाऱ्याचीच चूक." माझी पाठ थोपटली.

तेव्हा तरी बोलायचं. बोललो नाही.

तुमची तीन बोटं आखडली ती आखडलीच. पाना धरता येईना. घरी बसाल असं सगळ्यांना वाटलं, पण महिनाभरात तुम्ही स्टूल घेऊन कारखान्यात हजर. "शिरपा, आता हात तुजं आन् डोस्कं माजं. तुज्या हातास्नी लई दिवसांनी डोस्कं मिळालं बग." पहिलं काम काढलंत तेही बंगल्याचंच. नळी पुन्हा सोडवायला लावलीत आणि चासीच्या बाहेरून घ्यायला लावलीत. मी मुकाट्यानं घेतली. वर लोखंडी कोन ठोकला, दगड लागू नये म्हणून. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "कोन झ्याक हाय. त्यो तुजा. नळी माजी." ती नळी आजही तशीच आहे. घाटातले दगड कोनावर आपटतात, नळीला ओरखडा नाही.

तपकीर तुम्ही त्याच वर्षी सोडलीत. "ह्या नाकानं घात केला," म्हणून डबी मुळा नदीत फेकलीत. चाळीस वर्षांची सवय. वहिनी गावभर कौतुक सांगत फिरल्या. मला ते कौतुक ऐकताना कुठं बघावं कळायचं नाही.

पण खरं टोचायचं ते नाव. कुणी पहिल्यांदा काढलं आठवत नाही. 'काडीपेटी अण्णा.' स्टो पेटवायचा झाला की कुणीतरी ओरडायचं, "अण्णांना दूर बसवा रे!" बिडी शिलगावताना म्हणायचे, "अण्णा, तुमी नका, आमी लावतो." तुम्ही हसायचात. "आरं, पेटवा पेटवा, म्या पानी आनतो," म्हणून उलट त्यांनाच हसवायचात. लष्करात ज्यानं तोफांच्या गाड्या सांभाळल्या, ज्याच्या हाताखालून गेलेला सांधा कधी गळला नाही, त्या माणसाला काडी ओढता येत नाही म्हणून हसत होते. पौडच्या बाजारात पोरं ते नाव घ्यायची. आणि एकदा, अण्णा, एकदा मीही हसलो. सगळे हसत होते तेव्हा न हसणं उठून दिसलं असतं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत का, ते मला कळलं नाही. मी खाली बघत होतो.

ताम्हिणीची ती दुपार सांगायची आहे. बंगल्याचा एक टायर बसला होता आणि पाऊस असा की समोरचा डोंगर दिसेना. आत डॉक्टर एका बाईला लस देत होते, खाचरात पान लागलेली, आपल्या फ्रिजमधली लस. आपण दोघं एका पडवीत उकिडवे बसलो होतो. तासाभरानं बाईनं डोळे उघडले आणि आधी नवऱ्याला विचारलं, "म्हशीचं दूद काडलं का?" तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "जगली! म्हशीवर आली म्हंजे जगली." मग हसू ओसरल्यावर पावसाकडं बघत हळूच म्हणालात, "शिरपा, तुला कायतरी बोलायचंय व्हय रं? लई दिस बगतोय."

"न्हाई अण्णा. पाऊस थांबतोय का बगत व्हतो."

"हितला पाऊस? ह्यो बगायचा न्हाई, आयकायचा," म्हणालात आणि विषय सोडून दिलात.

तुम्ही दार उघडून धरलं होतंत का? की सहज विचारलंत? तुम्हाला ठाऊक होतं का? यावर मी तेव्हापासून स्वतःशी भांडलोय. ठाऊक असतं तर तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, घातल्या नाहीत म्हणूनच ठाऊक होतं. आता हे भांडण मिटवायला कुणी नाही, आणि गंमत म्हणजे ते मिटावं अशी घाईही राहिलेली नाही.

तुम्ही गेलात तेही कसे. जेवलात, भाकरी चांगली झाली म्हणालात, पडवीत लवंडलात आणि वहिनी उठवायला आल्या तर उठला नाहीत. ना खाट, ना हाल. बातमी कळली तेव्हा मी रडलो, पण आधी सुटल्यासारखं वाटलं, हे लपवत नाही. तुम्ही सुटलात म्हणून की तुमच्या नजरेतून मी सुटलो म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

दहाव्याला नदीवर सगळा कारखाना आला होता. मी ठरवून आलो होतो. पिंडाला कावळा शिवला नाही की माणसं एकेक करून पुढं होतात, गेलेल्याचं काही राहिलं असेल ते पुरं करायचा शब्द देतात. तुमच्या पोरानं, एकनाथनं, आईला सांभाळीन म्हणायचं, भावानं बांधाचा तंटा मिटवीन म्हणायचं, आणि मग मी पुढं होणार होतो. सगळ्यांसमोर. 'अण्णा, तो नट माझा होता' म्हणणार होतो. तुमचं काही अडकलं असेल तर ते हेच, याबद्दल मला शंका नव्हती. रात्रभर घोकलं होतं.

एकनाथनं पिंड ठेवला, हात धुतले, अजून मागं सरकलाही नव्हता. कावळा आला आणि घेऊन गेला.

"आरं तिच्या!" कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. म्हातारा रामा लोहार म्हणाला, "काय बी मागं ठिवलं न्हाई गड्यानं. मोकळा गेला." आणि लगेच, डोळे पुसत, प्रेमानंच, "आपला काडीपेटी अण्णा."

मी तोंड उघडून तसाच उभा. इतक्या वर्षांनी धीर गोळा करून आलो होतो आणि तुम्ही माझं ऐकून घ्यायला थांबलाही नाहीत. घरी येईपर्यंत मला राग येत होता. वेशीपाशी आलो आणि एकदम हसू फुटलं. बायको म्हणाली, "दहाव्याहून येताना हसताय?" काय सांगणार? मी ज्याला तुमच्या गळ्यातला धोंडा समजत होतो तो तुमच्या गळ्यात नव्हताच. होता तो सगळा माझ्या. तुम्ही कधीच पुढं निघून गेला होता. त्या दिवशी खूप वर्षांनी मी पोटभर जेवलो.

तेराव्याला वहिनींनी तुमची पिशवी माझ्यापुढं ठेवली. "तुमचंच हाय म्हना, भावजी. त्यांचं हात तुमीच व्हता." आत पाने होते, नळीचं तोंड फुलवायचं हत्यार होतं, आणि तळाशी तो दाढीचा ब्रश. केस झडून टोकाला चार उरलेत. दुसऱ्या दिवशी मी साबण कालवला आणि बंगल्याच्या सगळ्या सांध्यांना फेस लावला. शेवटच्या नटाला सगळ्यात जास्त. गॅस सोडला आणि त्याच्यापुढं गुडघे टेकून बसलो. फेस तसाच पांढरा राहिला, हळूहळू विरला. बुडबुडा आला नाही. नऊ वर्षं उशिरा, पण आता 'लावला' म्हणतो ते खरं आहे, अण्णा.

हा लेख डॉक्टर वाचतील. ते काय म्हणतील ते म्हणोत, ऐकून घेईन. अंक निघायच्या आधी वहिनींना स्वतः जाऊन वाचून दाखवीन. पण आपल्या कारखान्यातल्या निम्म्या माणसांना वाचता येत नाही, आणि ते नाव त्यांच्याच तोंडी आहे. छापून त्यांच्या तोंडातून ते जाणार नाही.

खंडेनवमीला महिना उरलाय. त्या दिवशी वहिनींना पाटावर बसवून, हत्यारांना कुंकू लागायच्या आधी, सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं, की काडीची चूक नव्हती, नट माझा होता, आणि आजपासून अण्णांना त्या नावानं कुणी आठवायचं नाही. एवढं मी तुमचं देणं लागतो.